काकाजींच्या बोटीचं स्टेरिंग

काकाजींच्या अंगणात बोट होती आणि बोटीत काकाजी होते. पाणी तेवढं बोदलकशाच्या तलावात होतं, म्हणजे तिरोड्यापासून चांगलं लांब. पण या गोष्टीचा काकाजींना काडीचाही त्रास होत नसे. रोज संध्याकाळी चहा झाला की ते बनियनवर जुना खाकी शर्ट चढवत, बोटीला एक चक्कर मारत, तिच्या बुडाला चार ठिकाणी पायाने ठोकून पाहत आणि आत चढून बसत. बोटीला टायर नसतात हे त्यांना ठाऊक होतं. पण आयुष्यभराची सवय, ठोकायला काहीतरी लागायचंच.

मी त्यांचा भाडेकरू. तिरोड्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायला साताऱ्याकडून आलेलो, आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहत होतो. बोट आली त्या दिवशी माझी स्कूटर अंगणातून गल्लीत गेली ती कायमची. मी जरा कुरकुर केली तर काकाजी म्हणाले, "सर, थे गाडी आहे, पाऊस खाऊन घेते. हे ॲल्युमिनिअम आहे. जपा लागते." ॲल्युमिनिअमला पाण्यापासून जपणारा आणि तेही बोटीच्या ॲल्युमिनिअमला, असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

काकाजी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. गोंदिया-देवरी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांनी लहानाचा मोठा झालेला पाहिला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी अंगातून उतरायचं नाव घेत नव्हती. पेपर वाचतानासुद्धा उजवं कोपर खिडकीबाहेर. गल्लीच्या वळणावर पायी चालत असले तरी आधी मोठ्याने खाकरायचे. समोरून कोणी येत असेल तर त्याला कळायला नको? जेवताना वरण संपत आलं की "डिझल पाहा जी," म्हणायचे, आणि काकी पळी घेऊन यायच्या.

पण त्यांची खरी अडचण बेलची होती. कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्यांच्या हाडात जाऊन बसला होता. स्वतःची स्कूटर सुरू करून, गिअरमध्ये टाकून ते नुसते बसून राहायचे. मागे बसणाऱ्याने सीटवर दोनदा थाप मारली की मगच गाडी सुटायची. सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं. एकदा बाजारात जाताना आम्ही दोघं दारातच इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. मला वाटलं ते कोणाची तरी वाट बघतायत. त्यांना वाटलं मला जायचं नाही.

आणि एकदा थाप पडली की संपलं. मग मागे भूकंप झाला तरी हा माणूस वळून पाहणार नाही. "आपलं काम सामने पाहाचं. मागचं कंडक्टर पाहील," हे त्यांचं ब्रीद होतं. घरसंसारातही तेच. दोन पोरींची शिक्षणं, लग्नं, पाहुणेरावळे, सगळं 'मागचं' होतं, आणि ते काकींनी पाहिलं. काकाजी समोर बघत राहिले. त्या ब्रीदापायीच त्यांच्यावर आमगावचा प्रसंग ओढवला होता, आणि इतक्या वर्षांनी तो पुन्हा बोटीच्या आडवा आला.

तो प्रसंग मला काकींनी सांगितला. तांदूळ निवडता निवडता, अगदी काल घडल्यासारखा. लग्न नवं होतं. देवरीला काकाजींच्या बहिणीकडे जायचं ठरलं, आणि त्या दिवशी गाडीवर ड्युटी काकाजींचीच होती. नवरी लाल गाडीत बसली. आमगावच्या स्टँडवर तिला तहान लागली म्हणून ती खाली उतरली. कंडक्टरला वाटलं, ड्रायव्हरची बायको आहे, बसली असेल पुढे. त्याने दोनदा घंटी मारली. काकाजींनी गाडी काढली आणि थेट देवरीला नेऊन लावली. सगळे उतरल्यावर नवरी कुठे आहे याची चौकशी सुरू झाली.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"का करतो? उलट्या दिशेची गाडी धरली अना माहेरी गेली," काकी म्हणाल्या. "हे घ्याले आले तं माह्या दादानं इचारलं, जवाईबापू, बाई का धानाचा बोरा आहे का जी, उतरवून ठेवाले?"

काकाजी पलीकडे बोटीत बसून सगळं ऐकत होते. तिथूनच म्हणाले, "बेल कोनं देली होती? म्या देली होती का?"

त्या दिवसापासून काकींनी शपथ घेतली होती. काकाजी चालवतील त्या गाडीत पाय ठेवायचा नाही. आणि त्यांनी ती पाळली. लग्नकार्याला निघाले की काकी ऑटोत आणि काकाजी पुढे स्कूटरवर. एकदा ऑटो वाटेत बंद पडला. काकाजी सामने पाहत लग्नाला पोचले आणि जेवूनसुद्धा घेतलं.

बोट कशाला घेतली असं कोणी विचारलं तर काकाजी एकच उत्तर द्यायचे, "मासे धराले." नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची ती बोट होती. लहानशी, चारपाच माणसांची, मागे छोटं इंजिन लावायची सोय असलेली. गरी टाकून मासे धरायची परवानगी त्यांनी बोदलकशाच्या मच्छीमारांकडून तोंडी मिळवली होती. तिथला सुकराम त्यांचा जुना दोस्त. डोंग्यातच जन्म गेलेला माणूस. तोच एक दिवस मला हळूच म्हणाला, "सर, काकाजीनं बोट घेतली, इंजिन घेतलं. पन गरी कुठी आहे? आजवर एक गळ घेतला नाही यानं. मासे का टाळी वाजवून बोलावतील?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काकींचं माहेर तलावाच्या पलीकडच्या काठावर. पाण्यातून सरळ गेलं तर समोर दिसतं. रस्त्याने जायचं तर जंगलातून भला मोठा वळसा, आणि त्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे त्याचा मान वाढवणं. काकींच्या कंबरेचं दुखणं असं, की डॉक्टरांनी दणके अजिबात बंद सांगितलेले. त्यांचा दादा आता खाटेवरून उठत नव्हता आणि त्याला फारसं दिसतही नव्हतं. मागच्या दोन भाऊबीजा ओवाळणं झालं नव्हतं. काकी याबद्दल बोलत नसत. पण दिवाळी जवळ आली की त्या पितळेचं तबक घासायला काढत, लख्ख करत, आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवत. काकाजी आयुष्यभर मागचं पाहत नव्हते म्हणतात. पण हे त्यांनी पाहिलं होतं. मला तो माणूस त्या दिवशी एकदम आवडून गेला, आणि माझ्या स्कूटरचं गल्लीत भिजणं मी मनातून माफ केलं.

आता प्रश्न उरला स्टेरिंगचा. तो साधा वाटेल, पण त्यात अख्खी गल्ली पडली होती.

अशा लहान बोटीच्या इंजिनालाच एक दांडी असते. चालवणाऱ्याने अगदी मागे, इंजिनाजवळ बसायचं, ती दांडी धरायची आणि वळवायची. गंमत अशी की दांडी डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे जाते. सुकरामचं म्हणणं सरळ होतं, "दांडी धरा अना चला जी. पान्यात चाक कायले पायजे?"

काकाजींना हे पटणं शक्य नव्हतं. "ड्रायवरनं मागं बसाचं? मागं कंडक्टर बसते. अना उजवीकडे जाचं तं डावीकडे ढकलाचं? हे का स्टेरिंग झालं? हा तं सासूचा कारभार झाला."

मग त्यांनी मोबाइलवर शोध लावला. कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस बोटीतून फिरायचा आणि तासतासभर इंग्रजीत बोलायचा. काकाजींना त्यातलं अक्षर कळत नसे, पण त्याच्या प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत. दाढीवाल्याच्या एका बोटीत पुढच्या बाजूला एक उभी काठी होती. ती मागे-पुढे केली की बोट वळते. काकाजींनी ती नापास केली. "पोळ्या लाटून राहिल्यावानी दिसते." दुसऱ्या बोटीत मात्र पुढे चक्क गोल चाक होतं, आणि तिथून तारा मागे इंजिनाकडे गेलेल्या होत्या. काकाजींनी ते चित्र थांबवून मला दाखवलं. त्यांचे डोळे पाणावलेले होते. मी त्याचा दोष मोबाइलच्या उजेडाला दिला.

गोंदियाच्या भंगारबाजारातून त्यांनी चाक आणलं ते बसचं. ते बोटीच्या निम्म्या रुंदीइतकं भरलं. वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने ते पाहून कपाळाला हात लावला. "काकाजी, ये नाव है, गाड़ी नहीं. आदमी बैठेगा कहाँ?" पण काकाजींपुढे कोणाचं चालतं? मिस्त्रीने पुढे लोखंडी सांगाडा ठोकला, चाक बसवलं, कप्प्यांवरून तारा ओढल्या आणि इंजिनाला बांधल्या. काकाजींनी एक पितळी हॉर्नसुद्धा लावून घेतला. मी म्हटलं, मागचं दिसायला एक आरसाही लावा.

"आरसा ओव्हरटेकवाल्यासाठी रायते, सर. पान्यात कोन ओव्हरटेक करून राहिलं?"

काकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं पाहत होत्या. एकदा मी विचारलं, "काकी, बसणार ना बोटीत?" त्या म्हणाल्या, "चाकामागं हेच बसतील न? मंग माह्या सामने पाठच येनार. पाठ म्या लई पाहिली, सर."

दिवाळीच्या आधी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही बोदलकशाला नेली. काकी मागून ऑटोतून आल्या. काठावर नारळ फुटला, हळदकुंकू झालं, चाकाला झेंडूची माळ पडली. काकाजी पूर्ण खाकीत होते. काकींना आधी भरवसा वाटावा म्हणून पहिली फेरी माझ्यासोबत करायची असं ठरलं. काकाजींनी तरंगायचं नारिंगी जाकीट मला घालायला लावलं, इंजिनाची दोरी ओढली, पुढे जाऊन चाकावर बसले आणि हॉर्न वाजवला. समोरचे बगळे उडाले.

मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बोट चिखलातून ढकलत होतो. मोकळी झाली की मागून चढायचं, असा माझा बेत. आधी हातातल्या चपला आत टाकाव्या म्हणून मी त्या टाकल्या. एक पडली टण. दुसरी पडली टण.

काकाजींनी बोट काढली.

मी "अहो काकाजी!" म्हणून ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतो? बोट सरळ तलावात निघाली. काकाजी चाकामागे ताठ बसलेले, माझ्या चपला त्यांच्या मागे. आणि मजा म्हणजे ते माझ्याशी बोलत होते. उजवा हात उचलून ते पलीकडचं जंगल दाखवत होते, मग टेकडी दाखवली, मग मान हलवून काहीतरी समजावून सांगितलं. काठावर सुकराम पोट धरून बसला. काकीही हसल्या. इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागल्या. काकाजींनी बहुधा मला एखादा प्रश्न विचारला असावा, कारण उत्तर येईना म्हणून बऱ्याच वेळाने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी मागे वळून पाहिलं.

परत येताना त्यांनी काठाजवळ सवयीने उजवा पाय दाबला. बोटीला ब्रेक नसतो. ती थाडकन चिखलात घुसली आणि माळ तुटून काकाजींच्या गळ्यात पडली. सगळे पुन्हा हसले, पण काकी आता हसत नव्हत्या.

"मी नाही बसत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "सर उभे राहिले काठावर, म्हनून बरं. मी मधात, पान्यात पडली असती तं? तुमाले दादाच्या काठावर गेल्यावर समजलं असतं, बायको नाही म्हनून."

"बेल वाजली होती..." काकाजी म्हणाले, आणि मध्येच थांबले. काकी ऑटोत जाऊन बसल्याही होत्या. बोट ट्रॉलीतून परत अंगणात आली. त्या संध्याकाळी तबक घासायला निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तर काकाजी पाना घेऊन बोटीत उकिडवे बसले होते. एकेक नट काढून त्यांनी चाक सोडवलं. मी मदत करू का विचारलं, तर मान हलवली. चाक त्यांनी पेरूच्या झाडाला टांगलं. थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग ते चाक शांतपणे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. रुसलेल्या माणसाची समजूत काढायला निघालेला माणूस आपला एवढा लाडका हट्ट सोडतो, तेव्हा त्याला चिडवावंसं वाटत नाही. मी गुपचूप चहा घेऊन वर गेलो.

मग सुरू झाली दांडीची शिकवणी. इंजिन सुकरामच्या झोपडीत ठेवलेलं, म्हणून काकाजी अंगणातल्या बोटीत मागच्या टोकाला बसत आणि हातात खराटा धरत. खराटा डावीकडे ढकलायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "उजवीकडे!" उजवीकडे ढकलायचा आणि म्हणायचं, "डावीकडे!" गल्लीतले लोक दारात उभे राहून बघायचे. बायका काकींना विचारायच्या, बाई, बरे आहेत न काकाजी? काकी म्हणायच्या, "बरेच आहेत. आत्ता कुठं बरे झाले." तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी पाहिलं, काकी बोटीत मधल्या फळीवर येऊन बसल्या होत्या. पुढे तोंड करून नाही. काकाजींकडे तोंड करून. निवडायच्या तांदळाचं सूप मांडीवर. काकाजी खराटा ढकलत होते आणि चुकले की काकी सूप न थांबवता म्हणत होत्या, "उलटं गेलं जी." अंगणातून बोट हलली नव्हती, पण शपथ मोडायला सुरुवात झाली होती.

भाऊबीजेला पहाटेचं धुकं वितळायच्या आत आम्ही बोट घेऊन बोदलकशाला पोचलो. काकींनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि त्यावर नारिंगी जाकीट. त्यांच्याकडे करंज्या-अनारशांचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेलं तबक. सुकरामने हात दिला, आणि काकी बोटीत चढल्या. मधल्या फळीवर, मागे तोंड करून बसल्या. मला त्यांनी पुढे टोकाला बसवलं. "सर, तुमी सामने." काकाजी सगळ्यांत मागे, कंडक्टरच्या जागेवर. खाकी शर्ट नव्हता. साधा पांढरा सदरा. इंजिन सुरू झालं, आणि काकाजी दांडी धरून नेहमीसारखे नुसते बसून राहिले.

काकींना आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी हातातली पाटली बोटीच्या काठावर दोनदा वाजवली. टण, टण.

बोट हलली नाही.

"काऊन जी?" काकी म्हणाल्या. "बेल तं देली न."

"देली," काकाजी म्हणाले. "पन पाहून राहिलो."

"का पाहता?"

"बसली का नाही थे."

काकींनी पदर सारखा केला आणि तबक उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मग काकाजींनी बोट काढली. तलाव गुळगुळीत होता, बगळे काठाने उभे होते, आणि काकाजी एकदाही पाण्याकडे बघत नव्हते. काकींनाच शेवटी लाजल्यासारखं झालं. "आता सामने पाहा की," त्या म्हणाल्या.

"सामनेचं सर पाहतील," काकाजी म्हणाले.

मी पाहायला हवं होतं, हे खरं. माझ्यावर एवढंच काम होतं. पण मीही त्या दोघांकडे वळून बसलो होतो, त्यामुळे पलीकडचा काठ जवळ आला हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही, आणि बोट सरळ बेशरमच्या झुडपांत जाऊन घुसली. फांद्या तोंडावर आल्या. अनारशांचा डबा मी वरच्यावर झेलला.

काठावर घरच्यांनी खाट आणून ठेवली होती. खाटेवरचा म्हातारा मान उचलून आवाजाच्या दिशेने बघत होता. त्याला झुडपं दिसली नसतील, आम्हीही दिसलो नसू. त्याने हात तोंडाशी नेऊन हाक मारली, "जवाईबापू! आनली का जी बाईले? का याबी खेपेस आमगावलेच ठेवली?"

काकाजी केसांत बेशरमची पानं घेऊन बोटीत उभे राहिले.

"आनली जी," ते ओरडले. "सगळा रस्ता पाहत पाहत आनली."